सालोमेची दुधाची दाढ

आमच्या क्लिनिकमध्ये भाषेवाचून सहसा काही अडत नाही. अबू धाबीतल्या अल रीम आयलंडवरच्या एका टॉवरच्या तळमजल्यावर आमचं लहान मुलांच्या दातांचं क्लिनिक आहे. माझी असिस्टंट अफशा हैदराबादची. हिंदी, उर्दू, तेलुगू तिला येतंच, पण अरबी आयांशी ती अशा गप्पा मारते की ही त्यांच्याच घरातली वाटावी. रिसेप्शनवरचे मोहिद्दीनभाई कासरगोडचे. मल्याळम, कन्नड, अरबी, आणि अडीनडीला तमिळ. मी पुण्याची, डॉक्टर अनुपमा. दार ढकलून कोणीही आत आलं तरी तिघांपैकी एकाला त्याची भाषा येतेच, अशी आमची समजूत होती. ती लुझ आद्रियानाने मोडली.

लुझ आद्रियाना कोलंबियाची. नवरा समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर इंजिनियर. महिनाभर तिकडे, महिनाभर घरी. ती येऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. एका हाताने प्रॅम ढकलत, दुसऱ्या हाताने सात वर्षांच्या मुलीला धरून ती आली. मुलीचं नाव सालोमे. उजव्या गालाला तळहात लावून ती उभी होती, त्यावरून दुखतंय कुठे ते कळत होतं. बाकी काहीच कळत नव्हतं. त्या मायलेकींना स्पॅनिशशिवाय काही येत नव्हतं आणि आम्हाला स्पॅनिश सोडून सगळं येत होतं.

मी फोनवरचं भाषांतराचं अ‍ॅप काढलं आणि इंग्रजीत विचारलं, "बेबी टीथमध्ये याआधी कधी दुखलंय का?"

फोन बोलला. लुझ आद्रियाना गोंधळली. मग तिने प्रॅममधल्या सहा-सात महिन्यांच्या मुलाला उचललं, त्याचं तोंड उघडून मला त्याच्या गुलाबी हिरड्या दाखवल्या आणि मान हलवली. याला अजून आलेच नाहीत, असं तिचं म्हणणं. अफशाला हसू आवरेना. मला मात्र घाम फुटला. कारण सालोमेच्या तोंडात मी जे पाहिलं, ते अशा अ‍ॅपवर समजावण्यासारखं नव्हतं.

खालची उजवीकडची दुधाची दाढ किडली होती आणि कीड पार आतल्या नसेपर्यंत पोचली होती. अजून सूज नव्हती, म्हणजे दाढ वाचवता येत होती. नसेचा आजारी भाग काढायचा, आत औषध भरायचं आणि वरून स्टीलची टोपी बसवायची. यातलं एक वाक्यही आईला धड न कळता तिची सही घ्यायला माझं मन तयार नव्हतं. तिच्या नवऱ्याचा फोन लागेना. मी दुखणं थांबवणारं औषध दिलं आणि मोहिद्दीनभाईंना म्हटलं, "स्पॅनिश दुभाषी पाहिजे. फोनवरचा नको, समोर बसणारा."

"इन्शाल्ला मिलेगा, डॉक्टर," ते म्हणाले. त्यांचं इन्शाल्ला बहुतेक वेळा खरं होतं.

त्याच संध्याकाळी मला फोन आला. बाईंचा आवाज. पहिलं वाक्य इंग्रजीत. माझं आडनाव ऐकल्यावर दुसरं मराठीत.

"डॉक्टर सबनीस, मी मरिसा तुस्कानो. उद्या तुमच्याकडे दुभाषी म्हणून येतेय. आधीच सांगते, मी कोर्टाचं काम केलंय, टेंडरच्या मीटिंगा केल्यात, हॉटेलांचं केलंय. दातांचं कधी केलं नाही. आत्ता पंधरा मिनिटं द्याल का? नाही तर दुसऱ्या कुणाला पाठवायला सांगते."

मला हे आवडलं. मला अमुक येत नाही, हे कामाच्या आदल्या दिवशी सांगणारी माणसं थोडी असतात.

मरिसा वसईची, गास गावची. कॉलेजनंतर मुंबईत स्पॅनिश शिकली, मग एका जहाज कंपनीतर्फे काही वर्षं पनामात राहिली. लग्नानंतर इकडे आली. नवरा व्हर्नन दुबईजवळ जबल अलीला वेअरहाउस सांभाळतो. हे सगळं मला नंतर कळलं. त्या फोनवर तिने स्वतःबद्दल काहीच सांगितलं नाही, फक्त विचारत राहिली.

"बेबी टीथला तुम्ही मराठीत काय म्हणाल?"

"दुधाचे दात," मी म्हटलं आणि अ‍ॅपने केलेला घोळही सांगितला.

ती हसली. "स्पॅनिशमध्येपण तेच आहे. दिएंतेस दे लेचे. लेचे म्हणजे दूध. अ‍ॅपने बाळाचे दात असं शब्दाला शब्द ठेवलं असणार."

मी तिला टोपी, नस, हिरडी, सूज, सगळं सांगितलं. ती भराभर मला स्पॅनिश शब्द म्हणून दाखवत होती, जणू मला त्यातलं काही कळणारच होतं. मग तिने एक प्रश्न विचारला, जो मला आजवर कोणत्याच दुभाष्याने विचारला नव्हता.

"आणि मुलांशी तुम्ही कसं बोलता? मोठ्यांचे शब्द डिक्शनरीत मिळतात हो. लहान मुलांचे तुम्ही घरचे केलेले असणार."

खरंच होतं ते. आम्ही कीड म्हणत नाही, शुगर बग्ज म्हणतो. थुंकी ओढणाऱ्या नळीचं नाव मिस्टर थर्स्टी. सुईचं तर आम्ही नावच काढत नाही. दाढ बधिर करायची असली की सांगतो, वुई विल पुट युअर टूथ टू स्लीप. मराठी मूल असेल तर, "चल, आपण दाढेला झोपवू या." गेली कित्येक वर्षं मी हेच म्हणत आले आहे आणि मुलं हसून तोंड उघडतात.

"दाढेला झोपवू या," मरिसाने लिहून घेतलं. "हे सोपं आहे. स्पॅनिशमध्येही झोपवणंच म्हणतात."

दुसऱ्या दिवशी ती वेळेच्या बरीच आधी आली. चाळिशीच्या आतबाहेरची, बारीक, केस घट्ट बांधलेले. आल्या आल्या तिने खुर्च्या हलवायला सुरुवात केली. स्वतःची खुर्ची सालोमेच्या डोक्याच्या जरा मागे, अशी की आई आणि मी एकमेकींना दिसू, ती मधे येणार नाही.

"तुम्ही आईकडे बघून बोला, माझ्याकडे नाही," तिने मला सांगितलं. "आणि आई 'मी' म्हणाली की मीही 'मी'च म्हणणार. घाबरून जाऊ नका. मधेच मला माझ्या वतीने काही विचारायचं असलं तर तसं सांगून विचारेन."

पहिली दहा-पंधरा मिनिटं इतकी सुरळीत गेली की मरिसा तिथे आहे हे मी विसरले. मला वाटलं, लुझ आद्रियाना आणि मी सरळ बोलतोय. काल मुकी वाटलेली ही बाई चांगलीच बोलकी निघाली. तिने विचारलं, "दाढ दुधाचीच आहे ना? मग पडणारच आहे. उपटून टाका की. टोपी कशाला?"

मी म्हटलं, "ही दाढ आणखी तीन-चार वर्षं पडायची नाही. खाली पक्का दात तयार होतोय आणि ही त्याची जागा धरून बसलीय. आत्ता काढली तर शेजारचे सरकतील आणि त्याला वर यायला वाट राहणार नाही."

मरिसाने ते सांगितलं. लुझ आद्रियानाने ऐकून घेतलं, मान हलवली आणि अगदी सहज एक प्रश्न केला. मरिसाची नजर सालोमेकडे गेली. मग तिने तो प्रश्न जसाच्या तसा माझ्यासमोर ठेवला.

"म्हणजे तुम्ही तिची नस मारणार?"

आपल्याकडेही आयाबाया हेच म्हणतात, दाताची नस मारली म्हणून. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी म्हटलं, हो, साधारण तसंच. आणि पोरीची भीती घालवायला खुर्चीकडे वळून माझं नेहमीचं वाक्य म्हटलं, "सालोमे, आधी आपण तुझ्या दाढेला झोपवू या, हं."

मरिसाच्या तोंडून ते स्पॅनिशमध्ये बाहेर पडलं आणि सालोमेचा चेहरा पांढराफटक झाला. मी रडणारी मुलं पाहिली आहेत, चावणारी पाहिली आहेत. ही रडली नाही. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, खुर्चीवरून घसरत खाली उतरली आणि पळाली. बाहेर वेटिंगमध्ये मुलांसाठी प्लास्टिकचं छोटं घर ठेवलेलं आहे. त्यात शिरून तिने आतून खिडकी ओढून घेतली.

आम्ही तिघी बाहेर आलो. आई गुडघ्यांवर बसून विनवत होती. आतून बारीक आवाजात उत्तर आलं. मरिसा माझ्या शेजारी उभी होती. तिने आवाज न बदलता, न चढवता, मला सांगितलं, "मला कॅनेलोसारखं झोपवू नका."

"कॅनेलो कोण?" मी विचारलं.

"डॉक्टर, हे मी माझ्या वतीने विचारतेय. या झोपवणं शब्दाबद्दल आईला एक प्रश्न विचारू का?"

मी हो म्हटलं. स्वतःच्या वतीने विचारतेय हे तिने लुझ आद्रियानालाही सांगितलं आणि मग विचारलं. ती गुडघ्यांवरून उठली, भिंतीला टेकली आणि बोलू लागली. मरिसा तिच्या मागोमाग इंग्रजीत बोलत होती, एका वाक्याच्या अंतराने.

"कॅनेलो आमचा कुत्रा. सालोमेच्या जन्माआधीपासूनचा. तो फार म्हातारा झाला होता, त्याची किडनी गेली होती. विमानात त्याला आणता येणार नव्हतं. मी जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. सालोमेला सांगितलं, डॉक्टर त्याला झोपवणार आहेत, त्याला अजिबात दुखणार नाही. ती रोज विचारायची, तो कधी उठेल? मी म्हणाले, उशिरा. मग आम्ही इकडे आलो. मी तिला खरं सांगितलंच नाही."

समोर रडत होती ती लुझ आद्रियाना, आणि "मी" म्हणत होती ती मरिसा. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. एक शब्द कमी केला नाही, एक वाढवला नाही. आईला सावरायला स्वतःचं काही त्यात घातलं नाही. ते किती कठीण असेल याचा मला तिथे उभ्या उभ्या अंदाज आला.

म्हणजे त्या पोरीने ऐकलं होतं ते असं: पांढऱ्या कोटातली डॉक्टर आधी नस मारणार म्हणाली, मग झोपवणार म्हणाली. तिच्या लेखी दोन्हीचा अर्थ एकच होता.

लुझ आद्रियानाने मरिसाचा हात धरला आणि काहीतरी मागितलं. मरिसाने तिला हळू उत्तर दिलं आणि मग माझ्याकडे वळली, मला बाजूला ठेवून तिथे काहीच बोललं जाऊ नये म्हणून.

"डॉक्टर, या म्हणतात, तुम्हाला छान बोलता येतं, सालोमेला कॅनेलोचं तुम्हीच सांगा. मी त्यांना सांगितलं, मी दोन भाषांच्या मधे उभी राहते. तुमच्या दोघींची भाषा एकच आहे. तिथे मी नको."

लुझ आद्रियानाने नाक पुसलं, प्रॅममधल्या बाळाला उचलून अफशाच्या हातात दिलं आणि त्या प्लास्टिकच्या घराच्या दारातून ओणवी होऊन आत शिरली. अर्धी आत, पाय बाहेर. मोहिद्दीनभाईंनी न सांगता टीव्हीवरचं कार्टून बंद केलं आणि वेटिंगमधल्या दुसऱ्या कुटुंबाला आतल्या खोलीत नेऊन बसवलं.

आम्ही दोघी पँट्रीत गेलो. मरिसाने पाण्याचा ग्लास एका दमात रिकामा केला आणि परत भरून घेतला.

"'मी' म्हणावं लागतं ना," ती म्हणाली. "त्यामुळे जरा अंगावर येतं. होईल ठीक."

त्या दिवशी पुढे काही होणार नव्हतं. मी दोन दिवसांनंतरची वेळ दिली. मायलेकी हात धरून गेल्या. दोघींचेही डोळे सुजलेले, पण सालोमेने जाताना मला हात केला. मला वाटलं मरिसाचंही काम संपलं. ती मात्र पर्स टेबलावर ठेवून म्हणाली, "तुमचा लंच ब्रेक कधी असतो?"

लंचमध्ये आम्ही कडक चहा घेऊन बसलो. तेव्हा आम्ही तुम्हीवरून तूवर आलो. मरिसा म्हणाली, "झोपवणं खलास. तो शब्द आता तिच्यासाठी उरला नाही. पण दुसरं काय म्हणायचं ते तू सांगायचं, मी माझ्या मनाने घालणार नाही. मला फक्त सांग, खरं होतं काय? इंजेक्शन दिल्यावर ओठाला नक्की काय होतं?"

"बधिर होतो."

"त्याच्या आधी?"

"आधी... मुंग्या येतात."

मरिसाने चहाचा कप खाली ठेवला. "इंग्रजीत याला काय म्हणतात?"

"पिन्स अँड नीडल्स."

"बघ! तू सुईचं नाव काढत नाहीस आणि इंग्रजीने टाचण्यासुद्धा आणून ठेवल्यात." ती हसायला लागली, आणि मग तिचा चेहरा एकदम उजळला. "अगं, स्पॅनिशमध्ये ओर्मिगेओ म्हणतात. ओर्मिगा म्हणजे मुंगी. मुंग्याच येतात त्यांनासुद्धा! ओर्मिगीतास, छोट्या छोट्या मुंग्या. चालेल तुला?"

मी इंग्रजीत शिकले, इंग्रजीत मुलांशी बोलते आणि मला जो शब्द हवा होता तो माझ्या आजोळच्या बोलण्यात पडलेला होता. मरिसाने तो तिथून उचलून थेट कोलंबियाला पोचवला, मधे इंग्रजीला विचारलंसुद्धा नाही.

मग ती माझ्या पेशंटच्या खुर्चीत जाऊन आडवी झाली. मी तिच्या हिरडीला ते बधिर करणारं जेल लावलं, कारण तिला त्याची चव माहीत हवी होती. "आधी गोड लागतं, मग कडवट," तिने जड जिभेने नोंदवलं. थुंकी ओढणारी नळी तिने स्वतःच्या तोंडात धरून पाहिली. मिस्टर थर्स्टीवर ती अडली. तिचं म्हणणं, तहानलेला साहेब हा स्पॅनिशमध्ये कुणी दारुडा वाटेल. हत्तीची सोंड म्हटलं तर? मी म्हटलं, हत्ती पास. ड्रिलच्या टोकाला लावतात त्या बारीक गोल दातेरी तुकड्याकडे बोट दाखवून तिने नाव विचारलं. आम्ही त्याला बर म्हणतो.

"याला फ्रेसा म्हणतात," ती म्हणाली. "फ्रेसा म्हणजे स्ट्रॉबेरीसुद्धा."

"मग तिला स्ट्रॉबेरी म्हणून सांगू या?"

"नको. आपण फ्रेसाच म्हणू, तेच त्याचं खरं नाव आहे. पुढचं ती करेल."

अफशा दारात उभी राहून हे सगळं बघत होती. ती मला म्हणाली, "मॅडम, ये तो हमसे ज्यादा तैयारी कर रही हैं."

दोन दिवसांनी सालोमे आली ती आईच्या पुढे चालत. खुर्चीत बसायच्या आधीच तिने मला सांगितलं, आणि मागून मरिसाचा आवाज आला, "कॅनेलो मेला. मम्मीने सांगितलं. तो आता उठणार नाही."

"मला वाईट वाटलं," मी म्हटलं. "खूप छान असणार तो."

"त्याचे कान तपकिरी होते," सालोमे म्हणाली. मग माझ्याकडे रोखून बघत तिने विचारलं, "माझी दाढ मरणार आहे का?"

मरिसाने विचारलं ते तितक्याच सरळपणे, लहान मुलाच्या प्रश्नाला मोठ्यांचा गोडवा न लावता. आणि मला कळलं की आता मला काही गुळमुळीत बोलता येणार नाही. मी जे बोलेन तेच तिथे पोचणार.

मी म्हटलं, "दाढेच्या आत एक दोरी आहे. तिचा वरचा तुकडा आजारी आहे. तो बरा होत नाही, म्हणून मी काढून टाकणार. खालचा चांगला आहे, तो जिवंत राहील. दाढ तुझ्याच तोंडात राहील. तू तिने खाशील. नवी येईल तेव्हा ती पडेल."

सालोमेने ऐकलं. विचार केला. "आजारी तुकड्याला दुखेल?"

"नाही. त्याला काही कळणार नाही. आधी तुझ्या ओठाला मुंग्या येतील, छोट्या छोट्या. मग तिथे काहीच वाटणार नाही. संध्याकाळी ओठ परत पहिल्यासारखा होईल."

"टोचणार का?"

हा प्रश्न मुलं मला रोज विचारतात आणि मी रोज बगल देते. मी मरिसाकडे पाहिलं नाही, आईकडेही नाही. सालोमेला म्हटलं, "हो. थोडं. चिमटा काढल्यासारखं. मी पाच म्हणेपर्यंत."

मरिसाच्या तोंडून ओर्मिगीतास आधीच गेलं होतं. आता चिमटाही गेला. सालोमेने आईकडे पाहिलं. आईने हात पुढे केला. सालोमेने तो धरला, दुसरा हात वर करून चाचपडत मरिसाच्या बाहीचं टोक पकडलं आणि तोंड उघडलं.

पाच म्हणेपर्यंत तिने डोळे मिटले नाहीत. थोड्या वेळाने तिने जड ओठांनी विचारलं, "या मुंग्या कुठल्या रंगाच्या?" मी म्हटलं, तुला वाटतील त्या. ती म्हणाली, लाल. ड्रिल हातात घेतल्यावर मी नाव सांगितलं, मरिसाने फ्रेसा म्हटलं, आणि सालोमेच्या पोटातून अशी खुदखुद सुरू झाली की मला थांबावं लागलं. "स्ट्रॉबेरी!" ती आईला ओरडून सांगत होती, तोंडात कापूस असताना. लुझ आद्रियानाही हसायला लागली. त्या खोलीत ती पहिल्यांदाच हसली. बाकीचं काम व्हायला फारसा वेळ लागला नाही. टोपी बसली, चावून झालं, आरशात बघून झालं. सालोमे जाताना सगळ्यांना जबडा वासून चांदीची दाढ दाखवत होती. मोहिद्दीनभाईंनी ती दोनदा पाहिली आणि दोन्ही वेळा "माशाल्ला" म्हटलं.

ते गेल्यावर मरिसा खुर्चीत बसली आणि बाही नीट करत राहिली. सालोमेने घट्ट पिरगाळून ती पार चुरगाळली होती. मी तिला म्हटलं, "तू नसतीस तर मी त्या मुलीला धरून बसवलं असतं. झालं असतं काम. पण ती परत कधी तोंड उघडून बसली नसती."

"मी काय केलं? तू बोललीस ते मी सांगितलं."

"मी जे बोलले ते मी आजवर कुठल्याच मुलाशी बोलले नव्हते."

मला वाटतं, तिला ते माहीत होतं.

सालोमे सहा महिन्यांनी तपासणीला आली तेव्हा शाळेतलं इंग्रजी फाडफाड बोलत होती. मी मुंग्यांची आठवण काढली तर म्हणाली, "दॅट वॉज व्हेन आय वॉज लिटल." पण मी मरिसाला बोलावून घेतलंच होतं. मुलीला गरज नसली तरी आईला होती, आणि आईच्या प्रश्नांची उत्तरं आठ वर्षांच्या मुलीने भाषांतर करून देऊ नयेत, हे मला मरिसानेच शिकवलं. तो भार तिचा नाही, असं ती म्हणाली होती. लुझ आद्रियानाने त्या दिवशी बाळाला खुर्चीत बसवलं. त्याला आता वरखाली मिळून आठ दात होते. ते तिने मला अभिमानाने मोजून दाखवले, इंग्रजीत.

मोहिद्दीनभाईंनी क्लिनिकच्या मालकांशी बोलून मरिसाला आमच्या पॅनलवर घेतलं. आता अबू धाबीतली स्पॅनिश बोलणारी पुष्कळ कुटुंबं आमच्याकडे येतात: मेक्सिकोची, पेरूची, स्पेनची. दर वेळी ती मला आधी फोन करते, कारण एका देशात हिरडीवरच्या फोडाला जे म्हणतात ते दुसऱ्या देशात कुणाला कळतही नाही. एकदा तिने आमच्या सगळ्या स्टाफला तासभर बसवून दुभाष्याबरोबर कसं बोलायचं ते शिकवलं. मिळून आठ-नऊ भाषा बोलणारी ती माणसं शाळेतल्या पोरांसारखी ऐकत होती. अफशा आता हिंदी-उर्दू बोलणाऱ्या आयांना माझं बोलणं सांगताना मधे स्वतःचे सल्ले घालत नाही. निदान घातले तर आधी सांगते.

आणि मी कुठल्याच मुलाच्या दाढेला झोपवत नाही. अरबी मूल असो, पंजाबी असो, इंग्रज असो, त्याला मुंग्या येतात. टोचणार का विचारलं तर मी हो म्हणते आणि किती ते सांगते. वाटलं होतं त्यापेक्षा फार कमी मुलं पळतात.

परवा मरिसा काम संपवून निघत होती तेव्हा तिचा फोन वाजला. शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका वर्कशॉपमध्ये पेरूच्या एका मेकॅनिकच्या हाताला मार लागला होता. दोन दिवसांनी ऑपरेशन होतं आणि सर्जनला दुभाषी हवा होता. तिने पत्ता घेतला, वेळ घेतली, हो म्हणाली. फोन ठेवून माझ्याकडे वळली.

"अनुपमा, तुझ्या ओळखीत कुणी हाताचा डॉक्टर आहे का? बोटं, शिरा, स्नायूबंध, सगळं उद्या मला कुणीतरी दाखवायला हवं. पाऊण तास पुरेल."

मी माझ्या एका वर्गमित्राचा नंबर दिला. लिफ्ट यायच्या आत ती त्याच्याशी बोलायला लागलीसुद्धा.